नावेवरच्या रेडिओचा नाडा

चहा जरा निवू द्या. हे ऐकताना घोट घेतलात तर तो नाकातून बाहेर येईल, आणि त्याचाही दोष माझ्यावरच येईल. हल्ली गावात काही बिघडलं की तो येतोच. मलाही आता भांडायचा कंटाळा आलाय.

तर माझी फजिती. तशा माझ्या फजित्या पुष्कळ आहेत, पण त्या चार-दोन माणसांनी पाहिलेल्या. ही फजिती कुणी पाहिली नाही. ही सगळ्या गावानं ऐकली! भोंग्यावरून!

मी शिकले काय, तर जहाजांवरची बिनतारी यंत्रणा. शिकले कुठं, तर स्कॉटलंडला, जिथं वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. आणि परत आले कुठं? नांदेडला! विष्णुपुरी धरणाचं पाणी मागं जिथवर फुगतं, तिथं काठावर आमचं गाव आहे. समुद्र इथून इतका लांब, की खारं पाणी म्हटलं की लोकांना बोअर आठवते.

"कामून आली गं परत?" भेटेल तो विचारायचा.

मी मान ताठ करून सांगायचे, "समुद्र सोडून आले, काकू. आपल्या माणसांसाठी. शिकलेलं सगळं काय गोऱ्यांच्या जहाजांनाच द्यायचं?"

विहारात तर मी यावर भाषणच ठोकलं. टाळ्या पडल्या. आईनं डोळ्यांना पदर लावला. माझी आई आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. गळू फोडताना पैलवान रडले तरी ती पदराला हात लावत नाही. यावरून भाषण कसं झालं असेल ते ओळखा.

आता माझा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. गावाची निम्मी शेती गंगेच्या पलीकडं. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) तिकडं जायला एकच साधन, नामदेवमामांची डिझेल इंजिनाची नाव. मामा माझे सख्खे नव्हेत, पण काठावर राहणारा प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणतो. गेल्या पावसाळ्यात भर पाण्यात ती नाव बंद पडली. नावेत केळीच्या बागेतून परतणाऱ्या बाया होत्या आणि लशींचा डबा मांडीवर घेतलेली माझी आई होती. मध्यावर मोबाइलला रेंज नाही. ओरडून ओरडून घसे बसले. शेवटी नाव वाहत जाऊन बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यांत अडकली, म्हणून माणसं वाचली. दिवस मावळेपर्यंत कुणाला पत्ताही नव्हता.

हे ऐकलं आणि मी ठरवलं. नावेवर रेडिओ बसवायचा! जहाजांवर असतो तसा, व्हीएचएफ. एक सेट नावेवर, एक ग्रामपंचायतीत. मुंबईहून दोन जुने सेट मिळवले. सरकारी परवानगीही काढली. ती कशी काढली हे ऐकायचं असेल तर तुम्हाला जेवून यावं लागेल.

पण गाव तयार पाहिजे ना! सगळ्यात आधी मामाच अडले.

"माझ्या नावंला यंतर लावून काय करता? हितं बस, तिथं थांब, हे आणलं का, ते आणलं का... माझी बायको काय कमी हाय का त्याला?"

शेवटी ग्रामसभेत तोडगा निघाला. एकदा सगळ्या गावासमोर चाचणी घ्यायची. नावेवरचं बोलणं गावात नीट ऐकू आलं तर रेडिओ राहील. नाहीतर काढून टाकायचा.

आईनं घरी येऊन तिची वेगळी ग्रामसभा घेतली. "हे बघ प्रज्ञे, पुण्यात तुझ्या भावानं त्याच्या कंपनीत जागा बोलून ठेवलीय. हे जमलं तर राहा हितं. न्हाई जमलं तर गुमान पुण्याला जायचं. लोक मला विचारून राहिलेत, लेक नेमकं काय करती म्हणून. म्या काय सांगू?"

म्हणजे पणाला काय लागलं होतं ते समजलं ना? माझं इथं राहणं!

मग कामाला लागले. बॅटरीपासून सेटपर्यंत वायर न्यायची, तर फळीला एक छोटं भोक पाडावं लागणार होतं. मी ड्रिल हातात घेतलं आणि मामा नावेत आडवे झाले.

"पोरी, तुझ्या शिक्षणात कुणी सांगितलं न्हाई का गं? नावंला भोक पाडत नसतात!"

"मामा, हे वरच्या फळीला आहे. पाण्याच्या कितीतरी वर."

"पाणी वर येतंय की! गंगा हाय ती, तुझ्या आयच्या रांजणातलं पाणी न्हाई!"

भोक पाडलं. मामांनी त्यावर जुनी चप्पल कापून रबराची चकती लावली, तेव्हा कुठं त्यांना झोप लागली. ताडपत्रीच्या छपराच्या लोखंडी पाइपवर अँटेना उभी केली. तिची जाड तार खाली आणून सेटला आटे फिरवून घट्ट जोडली. इतकं नेटकं काम मी परीक्षेतही केलं नव्हतं.

मग गावाला शिकवणी. पंचायतीसमोरच्या शेडमध्ये मी माइक हातात धरून सांगायचे, "हे बाजूचं बटण. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबूनच ठेवलं तर तुम्हाला समोरचं काही ऐकू येणार नाही, आणि त्यालाही बोलता येणार नाही. लक्षात ठेवा, बटण सोडायला शिका!"

"म्हंजी आमच्या मालकासारखं," सरपंच गयाकाकू म्हणाल्या. "दाबलेलंच ऱ्हातंय."

बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, हेही शिकवलं. ते मात्र गावानं असं उचललं की विचारू नका. "भाकरी वाढ, ओव्हर." "म्हैस सुटली, ओव्हर." ग्रामसेवकसाहेब तेवढे प्रत्येक शिकवणीला मान छातीवर टाकून बसायचे. मी मनात म्हणायचे, असू दे. क्रांती सगळ्यांना एकदम जागं करत नसते.

चाचणीचा दिवस उजाडला. पंचायतीतला सेट मी थेट भोंग्याला जोडला होता. सगळ्या गावाला पुरावा मिळायला हवा ना! शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आई पहिल्या रांगेत, उपकेंद्रातली पिशवी मांडीवर घेऊन.

नावेपाशी आले तर मामा हळद-कुंकू आणि लाल नाडा घेऊन उभे.

"हे कशाला, मामा?"

"नवी चीज हाय. नाडा बांधल्याबगर गंगंत नेत नसतेत."

यंत्र विज्ञानावर चालतं, नाड्यावर नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण लोकांचं मन मोडून क्रांती होत नाही, असंही मी कुठंतरी शिकले होते. मामांनी हळद-कुंकवाची बोटं नेमकी सेटच्या पडद्यावर उमटवली. आकडे झाकले गेले. तेही चालवून घेतलं. मग ते नाडा घेऊन अँटेनाच्या जोडाकडं वळले आणि मी आडवी आले. तो जोड हलला तर सगळं संपलं!

"थांबा, थांबा! मी बांधते."

नाडा मी हातात घेतला. बांधायचा कुठं? माइकला! माइकला नाड्यानं काय होणार आहे? चांगले वेढे घेतले आणि वर गाठ मारली. साधी नाही हं! खलाशांची गाठ, खास स्कॉटलंडहून शिकून आणलेली. तिचा गुण असा की ती ओली झाली की आणखी आवळते. वादळातही सुटत नाही.

"वा!" मामा म्हणाले. "पक्की गाठ मारलीस."

काठावरूनच एकदा तपासून पाहिलं. "गाव, गाव, नाव बोलतेय, ओव्हर." भोंगा असा दणाणला की पलीकडची म्हैस दावं तोडून पळाली. गयाकाकूंचं उत्तर आलं, "गाव बोलून राहिलंय, ओव्हर!" शेडमध्ये टाळ्या झाल्या. मी माइक हुकावर अडकवला आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी वारा होता. मध्यावर पोचेपर्यंत लाटांचे शिंतोडे उडून सगळं ओलं झालं. मी, मामा, सेट, माइक. आणि नाडा.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं! सुती नाडा भिजून आकसला, वर ती खलाशांची गाठ आवळली, आणि वेढ्यांखालचं बटण आत गेलं. हुकावर लटकलेला माइक सुरू झाला. आमचा शब्द न् शब्द गावाच्या भोंग्यावर जायला लागला. वारा गावाकडं वाहत होता आणि इंजिन धडधडत होतं, म्हणून तो भोंगा आम्हाला ऐकू येत नव्हता.

मी मात्र माइक उचलून म्हटलं, "गाव, गाव, नाव बोलतेय, ओव्हर."

उत्तर नाही. कसं येईल?

"गाव, ऐकू येतंय का? ओव्हर."

शांत. सेटमधून साधी खरखरही नाही. मी माइक परत हुकाला लावला आणि मीटर काढला. बॅटरी ठणठणीत. उलट सेट भरपूर वीज ओढत होता. न बोलता एवढी का ओढतोय, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. बोलतोय की गप्प आहे ते पडद्यावर दिसलं असतं, पण पडद्यावर कुंकू होतं.

"बिघडलं का गं?" मामांनी विचारलं.

"बिघडणारच! ती गयाकाकू तिकडं माइक उलटा धरून बसली असेल. किती वेळा शिकवलं! सरपंच आहे, पण माइकचं तोंड कुठलं ते कळत नाही."

"हळू बोल."

"हळू कशाला? इथं कोण ऐकतंय? आणि तो ग्रामसेवक! असा घोरतो की मला वाटलं शेडमध्ये पिठाची गिरणी काढलीय. थकले हो मामा! दगडावर डोकं आपटलं असतं तर निदान दगडाला तरी खोक पडली असती."

तेवढ्यात नाव अशी हेलकावली की माझ्या पोटातलं सगळं गळ्याशी आलं. मी पाइप धरून खाली बसले.

"काय झालं गं?"

"मला बोट लागते, मामा."

मामांनी इंजिन मंद केलं. "तुला? तू तर जहाजाची इंजिनेर न्हवं का?"

"हो ना! तिथं बंदरात प्रात्यक्षिक असायचं. सगळे जहाजावर वायरी जोडायचे, आणि मी कठड्याला धरून ओकायचे. जहाज धक्क्याला बांधलेलं असायचं, मामा! हलतही नसायचं! तशा मुलीला जहाजावर कोण घेणार? म्हटलं, चला घरी, तिथं निदान पाणी संथ आहे."

"मग ते समुद्र सोडून आले, आपल्या माणसांसाठी...?"

"तेही खरंच आहे. पण समुद्रानं आधी सोडलं."

मामांना माझी दया आली असावी. इंजिनाकडं बघत ते म्हणाले, "जाऊ दे. तू सांगितलंस, तर म्या बी सांगतो. गेल्या पावसाळ्यात इंजिन बिघडलं न्हवतं. डिजल संपलं होतं. भरायचं इसरलो. बाया नाहक घाबरल्या. पण हे कुणाला बोलू नको, हं."

"छे! मी कशाला बोलू?"

आणि मग मी निदान केलं. ठाम. सगळं तपासून झालं होतं, उरला होता फक्त अँटेनाचा जोड. त्यातच पाणी गेलं असणार! पाना घेतला, सेटच्या मागचा जोड ढिला केला. तेवढ्यात पोटातून दुसरी उबळ आली. मी पाना हातात धरूनच बाहेर वाकले.

"अगं पोरी, एवढी वाकू नको! धर! धर!" मामा ओरडले.

पाना हातातून सुटून धबकन पाण्यात पडला. मी चिडून मागं आले आणि जोडातून तार हातानंच उपटली.

आता हे लक्ष देऊन ऐका. रेडिओ बोलत असताना त्याची अँटेना काढायची नसते. बोलण्याची शक्ती बाहेर जाऊ शकत नाही, आतच तापते. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. म्हणजे तो सेट इतका वेळ माझं सगळं निमूटपणे गावाला पोचवत होता, आणि मीच त्याचा गळा दाबला. मागून बारीक धूर आला. जळक्या रबराचा वास सुटला.

"गेला," मी म्हटलं. "मामा, गेला सेट. मी पुण्याला चालले."

परत फिरायला म्हणून मान वर केली, तर काठावरून हे एवढं आरमार निघालेलं! पुढं मासे धरणाऱ्यांचे थर्माकोलचे तराफे, म्हणजे चप्पू, मागं ट्रकच्या ट्यूबवर बसलेली पोरं, एका चप्पूवर गयाकाकू, आणि सगळ्यात पुढच्यावर माझी आई. सगळे हात हलवत होते. मला वाटलं, शाबासकी द्यायला येतायत. मीही हात हलवला!

चप्पू नावेला टेकला. आई वर चढली. आधी माझी नाडी पाहिली, मग पापणी खेचून डोळे पाहिले, आणि मी जिवंत आहे याची खात्री पटल्यावर एक ठेवून दिली.

"आई!"

"ओकायचा आवाज आला, 'धर धर' आलं, पाण्यात पडल्याचा आवाज आला, अन् मग भोंगा बंद! माझा जीव गेला न्हवं का, भवाने!"

"पण तुम्हाला आवाज... आला?"

ग्रामसेवकसाहेब कमरेइतक्या ओल्या पँटमध्ये चप्पूवर बसले होते. अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, मी घोरत नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

"अन् म्या माइक उलटा धरती, हाव का?" गयाकाकू म्हणाल्या.

मी माइककडं पाहिलं. नाडा. गाठ. आत रुतलेलं बटण. तुम्हाला सांगते, ते पाणी जरा स्वच्छ असतं ना, तर मी त्यात खरंच उडी मारली असती.

मागच्या एका चप्पूवरून एक बाई विचारत होती, "मामा, डिजल हाय का आज? का बाभळीकडं न्यायचंय?" मामा इंजिनाच्या मागं लपले.

संध्याकाळी सभा बसली. मी पुण्याची तयारी मनात करूनच गेले होते. गयाकाकू उभ्या राहिल्या. माइक सरळ धरलाय हे सगळ्यांना दाखवलं, आणि म्हणाल्या, "नावंवरचं बोलणं ऐकू आलं का न्हाई?"

"आलं!" सगळी सभा म्हणाली.

"नीट आलं का?"

"लई नीट!" मागून कुणीतरी म्हणालं. "ओकलेलं बी ऐकू आलं."

"अन् माणसं पाण्यात हायेत म्हणल्यावर गाव धावलं का न्हाई?"

धावलं होतं. कुणी न बोलावता. रेडिओ ज्यासाठी बसवतात ते सगळं त्या रेडिओनं केलं होतं, मी मध्ये असूनही. मामा तर उठून म्हणाले, "ठेवा हे यंतर. पण त्याच्यासमोर काय बोलायचं त्याचा आधी इचार करावा लागंल." ठराव एकमतानं झाला: रेडिओ राहील, जळालेला सेट मी दुरुस्त करीन, नावेवर मामा बोलतील. आणि प्रज्ञाबाईंना कोणत्याही कारणानं नावेत चढू द्यायचं नाही.

सेट दुरुस्त केला. पुणं रद्द झालं. आता रोज सकाळी नाव निघते आणि मी पंचायतीत खुर्चीवर बसून मामांचं ऐकते. डिझेल किती आहे ते ते न विचारता सांगतात.

परवा लातूरहून मावशी आली. तिनं कौतुकानं विचारलं, "प्रज्ञी एवढी परदेशात शिकून आली, नेमकं काय करती गं ती?"

आई भाकरी थापत होती. मान वरही न करता म्हणाली, "काय न्हाई. काठावर बसती."